कडब्याखालची फटफटी

माघ उतरणीला लागला की माझ्या घरासमोरच्या रस्त्यावरून कडब्याने भरलेले ट्रक जाऊ लागतात. ट्रक दिसण्याआधी वास येतो: उन्हात वाळलेल्या जोंधळ्याच्या ताटांचा, किंचित गोड, किंचित धुळकट, घशाशी हलकेच खरखरणारा. इतरांपुरता तो वास तिथेच संपत असेल. मला तो अर्धवट वाटतो. त्याच्या पाठोपाठ पेट्रोलचा वास यायला हवा, असे माझे नाक हट्टाने सांगत राहते, आणि तो येत नाही म्हणून मी हातातले काम ठेवून क्षणभर खिडकीशी उभी राहते. एकाहत्तर सालच्या फाल्गुनात हे दोन वास माझ्या आयुष्यात एकाच क्षणी शिरले. तेव्हापासून एक आला की दुसऱ्याची वाट पाहणे हा माझ्या शरीराचा धर्म झाला आहे.

तेव्हा मी चोवीस वर्षांची होते. पाथर्डीत राहत होते आणि पूर्वेकडे अठरा मैलांवरच्या एका गावी हायस्कुलात मराठी शिकवत होते. घरात मी आणि माझे वडील, नाना, एवढेच. आई जाऊन सहा वर्षे झाली होती. नाना संस्कृत आणि मराठीचे शिक्षक. सेवानिवृत्तीनंतर दुसऱ्याच वर्षी त्यांची उजवी बाजू लुळी पडली. वृत्ते मला त्यांनीच शिकवली होती, बोटांच्या पेरांवर लघू-गुरू मोजत, ओळ जिथे अडखळे तिथे भुवई वर करत. आता त्याच उजव्या हाताची बोटे पेल्याभोवती वळत नसत. सकाळी त्यांना धोतर मी नेसवत असे. काष्टा खोचताना ते मान वळवून भिंतीकडे पाहत. त्या पाहण्याविषयी आम्ही दोघे कधी बोललो नाही.

त्या गावाला दिवसातून एकच एस.टी. जात असे आणि ती पोहोचेपर्यंत अकरा वाजत. तोवर शाळेची वेळ तिच्याशी जुळवून घेत होती. पौष संपता संपता मुख्याध्यापकांनी मला बोलावले. मॅट्रिकच्या मुलांचे जादा तास सकाळी आठपासून सुरू व्हायचे होते. ते मनाने वाईट गृहस्थ नव्हते. बोलताना टेबलावरची टाचणी इकडून तिकडे ठेवत होते. म्हणाले, "बाई, एक तर गावात खोली घ्या, नाहीतर होळीपर्यंत जागा मोकळी करा. थांबलेली माणसं आहेत हो रांगेत."

खोली घेणे म्हणजे नानांना रात्री एकटे ठेवणे. नाना घर सोडून येणार नव्हते. बावन्न सालापासूनची त्यांची पुस्तके त्या घरात होती आणि त्यांच्या लेखी माणसे पुस्तकांच्या आसपास राहतात, पुस्तके माणसांमागे फिरत नाहीत. सकाळी सहाला निघून आठला तिकडे आणि दिवेलागणीला परत घरी, असे मला नेणारे वाहन हवे होते. लांबच्या रस्त्याचे, खडीवर न कुरकुरणारे, माझ्या पगारात पोट भरणारे. दिवाळीच्या सुट्टीत शाळेतल्या ड्रिलच्या सरांनी, म्हणजे लष्करातून निवृत्त होऊन आलेल्या एका हसऱ्या माणसाने, मला त्यांची मोटारसायकल बाजारतळावर चालवायला शिकवली होती. दोघांनीही गंमत म्हणून. नगरला कॉलेजात असताना मी सायकलने जात असे, त्यामुळे तोल होता. बाकी फक्त धीटपणा हवा होता.

नानांना सांगितले तेव्हा त्यांनी डाव्या हाताने पुढ्यातले पुस्तक मिटले. मग म्हणाले, "मला पेन्शन आहे. दोन माणसांना पुरते. जागा सोड."

"नाना, ती जागा मी मिळवली आहे."

"फटफटीवर बसलेली मुलगी मला या गावाला दाखवायची नाही. तुला काय करायचं ते कर. मला सांगून करू नकोस."

त्यानंतर त्यांनी माझ्याशी बोलणे जवळपास टाकलेच. भाजीत मीठ कमी असले तरी सांगेनात.

माझ्याजवळ दोन वर्षांत साठवलेले अकराशे रुपये होते. नवी गाडी त्यात स्वप्नातही बसत नव्हती. जुनीच शोधायला हवी होती, आणि जुने घेताना फसणे फार सोपे असते. सोबतीला मी लक्ष्मणतात्यांना विचारले. ते आमचे शेजारी, गावाच्या कडेला त्यांची बारा एकर कोरडवाहू. बैलाची पारख करायला त्यांना तालुकाभरातून बोलावणे येई. माझी विनंती ऐकून त्यांनी पटका सारखा केला. म्हणाले, "फटफटीतलं मला काय कळतंय, पोरी? पन इकनारा मानूस कळतो. चल."

नगरला आम्ही पहिली पाहिली ती एका गॅरेजात, पळसाच्या फुलासारखी लाल. तात्यांनी टाकीवर अंगठा घासला आणि अंगठा माझ्यापुढे धरला. तोही लाल.

गॅरेजवाला सगळा वेळ त्यांच्याशीच बोलत होता. "काका, तुमच्या मुलाला शोभून दिसेल बघा."

"मला पोरगा न्हाई. ही चालवनार हाय."

त्याने मला पहिल्यांदा नीट पाहिले आणि तो दिलखुलास हसला. "मग ताई, शिवणयंत्र घ्या की! तेही पायानंच चालतं."

"शिवणयंत्रावर अठरा मैल जाता आलं असतं तर तेच घेतलं असतं," मी म्हटले. बाहेर रस्त्यावर आल्यावर माझे कान तापलेले होते आणि तात्या मात्र अंगठ्याचा रंग भिंतीला पुसत पुटपुटत होते, "ल‌ई वंगाळ मानूस. रंग तरी वाळू द्यायचा."

दुसरी होती छावणीच्या कडेला, एका निवृत्त सुभेदारांच्या अंगणात. हिरवट, जड, रुंद खांद्यांची. त्यांनी एका लाथेत ती सुरू केली आणि मी हरले. तो आवाज मी आजही ओठ मिटून म्हणू शकते. त्यात घाई नव्हती. एक खोल ठोका, मग अंतर, मग दोन ठोके. एखाद्या भारदस्त वृत्ताची ओळ कोणी ओसरीत बसून म्हणावी तसा. मी डोळे मिटले असावेत. सुभेदार तेराशे म्हणत होते, पण बाराशेपर्यंत उतरतील असे दिसत होते, आणि उरलेले शंभर कुठून आणायचे याचा विचार माझ्या मनाने परस्पर सुरूही केला होता.

तात्यांनी गाडी बंद करायला लावली. तिच्याभोवती एक फेरी मारली, सीटवर हात ठेवला आणि शांतपणे तिला आडवी पाडली.

"अहो! अहो, काय करताय काय!" सुभेदार धावले.

"पाडली," तात्या म्हणाले. "उचल, पोरी."

मी हँडल धरून ओढले. मग सीटखालून हात घालून ओढले. पदर खोचला, ओठ दाबले, पुन्हा ओढले. ती एक वीतभर उठली आणि पुन्हा निजली. सुभेदारांच्या सौभाग्यवती दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांच्यासमोर माझ्या डोळ्यांत पाणी येऊ नये एवढीच माझी प्रार्थना होती.

"बैल घेताना आमी आदी बसवून बगतो, उठतो का न्हाई," तात्या म्हणाले. "ही सोताच्या पायानं उठनार न्हाई. तुलाच उठवायची हाय. त्या रस्त्याव सकाळच्या पारी दुसरं कोन हाय तितं?"

परतीच्या एस.टी.त करंजीचा घाट लागेपर्यंत मी खिडकीबाहेरच पाहत राहिले. तात्या भुईमुगाच्या शेंगा फोडत होते. टरफले खिडकीबाहेर टाकता टाकता त्यांनी विचारले, "रुसलीस व्हय?"

"नाही."

"रुस की. रुसल्यानं तिचं वजन कमी हुत न्हाई."

मला राग आला होता तो माझा मलाच. मी कानाने निवड करत होते. कॉलेजात चार वर्षे मी तेच शिकले होते: गोड वाजेल ते खरे मानायचे. कवितेत तो मार्ग फारसा चुकत नाही. चुकला तरी एखादी ओळ वाया जाते. इथे मला रोज छत्तीस मैल वाहून नेणारे काहीतरी हवे होते, आणि प्रसंगी मला ते वाहून नेता यायला हवे होते. हे एवढे साधे शहाणपण कुठल्याच तासाला कोणी सांगितले नव्हते. त्या घाटात, ढणढणणाऱ्या खिडकीला डोके टेकून, मी मनाशी ठरवले की आवाजावर भाळायचे नाही. होळीला सतरा दिवस उरले होते.

तो काळ जोंधळ्याचा होता. पहाटे गार वारा, दुपारी पाठ भाजणारे ऊन. शेताशेतांत माळे उभे, माळ्यावर गोफण घेतलेली माणसे, आणि त्यांच्या हाळ्या एका शिवारातून दुसऱ्या शिवारात उड्या मारत जात. गावे मात्र अर्धीच होती. दिवाळीनंतर बैलगाड्या उसाच्या मुलखाकडे गेलेल्या. कुलूप नसलेल्या दारांना नुसती दोरी बांधलेली. माझ्या वर्गातले मागचे दोन बाक ऊसतोडीला गेलेल्या त्या घरांतल्या मुलांचे होते. ते रिकामे बाक पाहत शिकवायची मला सवय झाली होती. पण त्या बाकांसमोर दुसरे कोणी उभे राहावे ही कल्पना मला सोसत नव्हती. नोकरी म्हणजे पगार, हे खरेच. तरी त्याहून अधिक काहीतरी त्या वर्गात माझे होते, आणि ते मला शब्दांत सांगता येत नव्हते म्हणून मी दर रविवारी तात्यांच्या दाराशी उभी राहत होते.

आता आमच्या रस्त्यावरून मुली स्कूटरवरून भुर्रकन जातात, तोंडाला ओढणी गुंडाळून. त्यांच्याकडे पाहून मला अभिमान वगैरे वाटत नाही. हेवा वाटतो. त्यांना पाडून, उचलून काही सिद्ध करावे लागत नाही.

तिसरी गाडी सहा मैलांवरच्या एका खेड्यात निघाली, आणि अक्षरशः निघालीच, कडब्याच्या गंजीतून. मालकीणबाईंचे नाव सरूबाई. साठीच्या, ताठ, कपाळावर बुक्का. मुलगा ट्रकवर ड्रायव्हर झाला आणि फटफटी मागे राहिली. उंदरांपासून आणि पाहुण्यांपासून जपायची म्हणून तिच्यावर कडबा रचलेला. सरूबाईंच्या दिराने, रंगनाथने, पेंढ्या उपसल्या. तो बैलबाजारातला दलाल. आमच्याकडे त्यांना हेडी म्हणतात. ताटांमधून आधी आरसा चमकला, मग काळी टाकी, तिच्यावरचा पोपटी पट्टा. रूप काही नव्हते. सुरू केली तर आवाजही टिपेचा, चिरका, पत्र्यावर वाळू ओतल्यासारखा.

तात्यांनी तिला कडब्यावर पाडली. टाकीचे झाकण सैल होते. पेट्रोल पाझरून कडब्यावर पडले आणि तो वास उठला. मी खोल श्वास घेतला. मग तात्यांनी वाटेत सांगितले होते तसे केले. गाडीकडे पाठ केली, मागे वाकून एक हात हँडलला, एक सीटखाली, आणि मांड्यांनी जमीन मागे रेटत एकेक पाऊल उलटे टाकत गेले. विहिरीचे पाणी ओढून घट्ट झालेली पाठ होती ती. गाडी हलली, अडली, आणि उभी राहिली. मीही तिच्यासोबत उभी राहिले.

"आता जुपून बगू," तात्या म्हणाले, आणि मागे स्वतः बसून मांडीवर जोंधळ्याचे अर्धे पोते घेतले. गावदेवीच्या टेकाडाचा चढ तिने खोकत खोकत, पण न थांबता चढला. उतरताना मला कापड जळाल्याचा वास आला. माझ्या पाचवारीचा काठ सायलेन्सरला चिकटून करपला होता. सरूबाईंनी तो काठ हातात घेऊन पाहिला. म्हणाल्या, "ह्ये गुंडाळलेलं कशाला नेसायचं फटफटीव? लुगडं नेस, बाई. काष्टा मारला की दोन पाय दोन बाजूला. आमी काय उगी नेसतो व्हय?"

शिकलेली मुलगी म्हणून मी नऊवारी कधी नेसलेच नव्हते. आईची दोन लुगडी ट्रंकेत तशीच होती.

मग किंमत. रंगनाथने खांद्यावरचा रुमाल पसरला, त्याखाली हात घातला आणि तात्यांकडे पाहिले. बैलबाजारात असेच चालते. रुमालाखाली बोटे धरायची, दाबायची. आकडा दोघांच्या हातांत राहतो, भोवतालच्या माणसांना कळत नाही. तात्यांचा हात रुमालाखाली गेला. रुमाल हलू लागला. मी तो हलणारा रुमाल पाहत होते. माझे दोन वर्षांचे अकराशे रुपये त्याखाली इकडून तिकडे होत होते आणि मला त्यांचा चेहराही दिसत नव्हता.

"तात्या, हात काढा," मी म्हटले. "सौदा माझा आहे. मी हात घालते."

रंगनाथने रुमाल झटक्यात मागे घेतला. "बायामान्सांचा हात धरत न्हाई आमी. ह्यो काय प्रकार!"

"मग तोंडानं बोला."

"तोंडानं सौदा करायला ही काय भाजी हाय?"

तो अडून बसला. तात्याही पटका चाचपत जमिनीकडे पाहू लागले. तेही त्याच बाजारातले. मी जागची हलले नाही. जनावरे कडबा चघळत होती, तेवढाच आवाज. शेवटी सरूबाई उठल्या. दिराच्या आणि माझ्या मध्ये येऊन बसल्या आणि आपला पदर माझ्या हातावर पसरला.

"फटफटी कुनाची? माजी. आन् पदर बी माजाच. घाल गं हात."

पदराखाली आमचे हात भेटले. त्यांची बोटे खरबरीत, गरम. त्यांनी माझी तीन बोटे दाबली, मग दोन, मग अख्खा पंजा. मी त्यांच्याकडे पाहिले. त्यांनी माझ्याकडे. मग हलकेच वाकून त्या माझ्या कानाशी कुजबुजल्या, "मला येत न्हाई ह्ये. तुला येतं?"

"नाही."

"मंग गप दाबत ऱ्हा. बगू दे त्यास्नी."

आम्ही दोघी गंभीर चेहऱ्याने एकमेकींची बोटे दाबत राहिलो. हसू आवरताना माझे खांदे हलत होते. कानाला लागून त्यांनी विचारले, किती हाय? मी खरे ते सांगितले. कशाला पायजे? तेही सांगितले, शाळा, आठ वाजता, होळीपर्यंत. त्यांनी पदर काढून घेतला आणि मोठ्याने जाहीर केले, "ठरलं."

"कितीला, वहिनी?" रंगनाथ कळवळला.

"आत्ता! रुमालाखालचं कुनी सांगतं व्हय?"

फक्त एक गोष्ट त्यांनी ठेवून घेतली. हँडलचा रबरी फुगा दाबून वाजवायचा पितळी भोंगा. मला वाटले मुलाची आठवण असेल. त्या म्हणाल्या, "पाखरं लई झाल्यात जोंधळ्यात. गोफन मारून खांदा गेला माजा." आम्ही निघालो तेव्हा त्या माळ्यावर चढत होत्या, आणि पुढे अर्धा मैल मागून भोंग्याचा आवाज येत होता. त्या हंगामात मी भोंग्याविनाच गेले. वाटेत शेळ्या आल्या की मी तोंडानेच ओरडे.

गाडी दाराशी उभी केली तेव्हा नाना ओसरीवर होते. त्यांनी तिच्याकडे पाहिले नाही. काठी टेकत आत गेले. मुख्याध्यापकांनी दिलेल्या मुदतीतले चार दिवस शिल्लक होते. मला नानांच्या होकाराची वाट पाहण्याइतका वेळ नव्हता, आणि खरे सांगायचे तर मी वाट पाहणारही नव्हते. तरी त्या रात्री जेवताना मी दोनदा त्यांच्याकडे पाहिले.

सोमवारी पहाटे पाचला पाणी तापवले. नानांना धोतर नेसवले, दुपारचा डबा झाकला, पाण्याचा तांब्या त्यांच्या डाव्या हाताला ठेवला. मग आत जाऊन आईचे हिरवे लुगडे काढले. नऊ वार कापड मावळतीच्या सावलीसारखे संपता संपेना. दोनदा चुकले. तिसऱ्यांदा निऱ्या जमल्या, काष्टा मागे खोचला आणि बाहेर आले. चालताना पाय पहिल्यांदाच मोकळे वाटत होते.

नाना दाराच्या चौकटीला टेकून उभे होते. त्यांनी मला पायापासून वरपर्यंत पाहिले. भिंतीकडे मान वळवली नाही.

"सैल आहे," ते म्हणाले. "चढावर सुटेल. आणखी एक पीळ दे."

मी आत गेले, आणखी एक पीळ दिला, काष्टा घट्ट ओढून खोचला, बाहेर आले. पहिली किक फुकट गेली. दुसरीही. समोरच्या ओट्यावर कोणीतरी खोकले. दोन दारे किलकिली झाली. तिसऱ्या किकला तो चिरका, टिपेचा, गल्लीभर घुमणारा आवाज उठला. निळा धूर नानांच्या धोतरापर्यंत गेला. ते मागे सरले नाहीत. पायरी उतरून खाली आले, काठीवर भार टाकत, अख्ख्या गल्लीला दिसेल अशा जागी उभे राहिले.

"येते, नाना," मी आवाजावर आवाज चढवून म्हटले.

त्यांनी काठी काखेत धरली, डावा हात वर केला आणि म्हणाले,

"ये."